पोलिसांवरचा राग बेल्टवर काढू नका

जुलै २०२५ मध्ये वाहतूकदारांनी ई-चलनाच्या विरोधात राज्यात गाड्या उभ्या केल्या आणि एक जुनाच वाद पुन्हा पेटला. तक्रारी वेगाच्या चलनांबद्दल होत्या, चुकीच्या जागी गाडी उभी केल्याच्या चलनांबद्दल होत्या, आणि सीटबेल्टच्या चलनांबद्दलही होत्या. चर्चा बघता बघता बेल्टवर येऊन थांबली, कारण गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला त्यावर काहीतरी म्हणायचं असतं. एक बाजू म्हणते, ही निव्वळ वसुली आहे. जीव माझा, गाडी माझी, सरकारला काय पडलंय? दुसरी बाजू म्हणते, आपल्या लोकांना शिस्तच नाही, दंड दहापट करा, मग बघा कसे सुतासारखे सरळ होतात. दोघंही तावातावाने बोलतात आणि मूळ प्रश्न होता तिथेच राहतो.

माझी भूमिका आधीच मांडून ठेवणं बरं. इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि ते सोडवल्याशिवाय या वादाला अर्थ नाही. बेल्टची सक्ती न्याय्य आहे का? माझ्या मते पूर्णपणे आहे, मागच्या सीटवरही. ती आज ज्या पद्धतीने राबवली जाते ती पद्धत न्याय्य आहे का? बऱ्याच ठिकाणी नाही. पण होतं काय, की बेल्ट न लावणारा पोलिसांच्या वागण्याकडे बोट दाखवून मोकळा होतो, आणि यंत्रणा बेल्टच्या उपयोगाकडे बोट दाखवून स्वतःच्या वागण्याचा हिशेब द्यायचं टाळते. दोघांना एकमेकांची सबब पुरते. मरतो तो तिसराच.

४ सप्टेंबर २०२२ ची दुपार आठवा. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर एक महागडी, सगळ्या सुरक्षा सोयी असलेली गाडी आदळली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागच्या सीटवर बसलेले गृहस्थ गेले. दोघांनीही बेल्ट लावलेले नव्हते. पुढच्या सीटवरचे दोघं गंभीर जखमी झाले, पण वाचले. नंतर पुलाच्या रचनेवरही बोट ठेवलं गेलं: तिथे रस्ता अरुंद होतो आणि कठडा वाहनांच्या वाटेत पुढे आलेला होता. म्हणजे ‘आधी रस्ते नीट करा’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा त्या पुलावर शंभर टक्के लागू होता. तरीही गाडी तीच, पूल तोच, दोष तोच, आणि पुढच्यांचं नशीब वेगळं, मागच्यांचं वेगळं. पुढे एअरबॅगही होत्या, हे मान्य. पण एअरबॅग बेल्ट लावलेल्या माणसासाठीच आखलेली असते. बेल्ट नसलेलं शरीर ती फुगायच्या आत पुढे गेलेलं असतं, आणि मग तिचा आधार होण्याऐवजी तडाखाच बसतो.

त्याआधी आठ वर्षं, ३ जून २०१४ ला, केंद्रात मंत्रिपदाची शपथ घेऊन जेमतेम आठवडा झालेला असताना गोपीनाथ मुंडे दिल्लीत गेले. भल्या सकाळी, शहराच्या मधोमध, एका चौकात दुसऱ्या गाडीने धडक दिली. महामार्ग नव्हता, घाट नव्हता. मुंडे मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. अख्खा महाराष्ट्र हळहळला. काही दिवस वर्तमानपत्रांत मागच्या सीटच्या बेल्टवर लेख आले. मग सगळं शांत झालं, ते थेट मिस्त्रींच्या अपघातापर्यंत. तेव्हा पुन्हा आठवडाभर चर्चा, मुंबई पोलिसांचा १ नोव्हेंबर २०२२ पासून सर्व प्रवाशांना बेल्ट सक्तीचा करणारा आदेश, टॅक्सीवाल्यांचा विरोध, सुरुवातीला दंडाऐवजी नुसती समज. आज मुंबईत मागच्या सीटवर बेल्ट लावून बसलेला माणूस सहज दिसतो का?

मोठ्या माणसांची नावं लक्षात राहतात म्हणून ती घेतली. बाकीच्यांचा हिशेब केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांपैकी बेल्ट न लावलेले १६,७१५ होते. यात ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. हे सगळेच बेल्टमुळे वाचले असते असं कुणी म्हणू नये. काही अपघातांपुढे काहीच टिकत नाही. पण प्रवाशांचा आकडा जवळजवळ चालकांइतकाच आहे, हे लक्षात घ्या. ‘बेल्ट ड्रायव्हरला हवा, मागच्यांना काय गरज’ ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बेल्टमुळे पुढच्या सीटवरच्या माणसाचा मृत्यूचा धोका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी होतो आणि मागच्या सीटवरच्याचा सुमारे २५ टक्क्यांनी. कुठल्या औषधाने एवढा फरक पडत असता तर आपण दुकानासमोर रांगा लावल्या असत्या.

आता विरोधातला सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ. सज्ञान माणसाने स्वतःच्या जिवाचं काय करायचं हे सरकारने का ठरवावं? दारूच्या दुकानाला परवाना मिळतो, तंबाखूची पुडी दहा पावलांवर मिळते, आणि माझ्याच गाडीत, माझ्याच छातीवर पट्टा बांधला नाही म्हणून मी गुन्हेगार? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जो समाज हा प्रश्न विचारायचं सोडतो त्याच्यावर पुढे कसलीही सक्ती लादता येते. हेल्मेटसक्तीच्या वेळी पुण्यात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांची टिंगल खूप झाली. पण ‘माझ्या डोक्याचा मालक कोण’ हा त्यांचा प्रश्न टिंगलीने संपत नाही, त्याला उत्तरच द्यावं लागतं.

उत्तर असं की गाडीत बसलेलं शरीर फक्त स्वतःचं राहत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर आदळून थांबली तरी आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. तो वेग सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणाऱ्या माणसाचा वेग असतो. ताशी ८० किलोमीटरला तीच उंची पंचवीस मीटर होते. मागच्या सीटवरचा सत्तर किलोचा माणूस त्या वेगाने पुढच्या सीटच्या पाठीवर येतो, आणि त्या पाठीला टेकून कुणाची तरी बायको, मुलगा किंवा पगारी ड्रायव्हर बसलेला असतो. पुढच्याने बेल्ट लावलेला असला तरी मागून आलेल्या या धक्क्यातून तो सुटत नाही. ‘माझा जीव, माझी मर्जी’ हे वाक्य रिकाम्या गाडीत एकट्याने बसलेल्या माणसाच्या तोंडी शोभेल. मागे बसून ते म्हणणारा समोरच्याचा जीव पणाला लावत असतो, आणि तेही त्याला न विचारता.

मुलांच्या बाबतीत तर मर्जीचा प्रश्नच उद्भवत नाही. पुढच्या सीटवर आई बसलेली, मांडीवर दीड वर्षाचं मूल, दोन्ही हातांचा विळखा घातलेला, हे चित्र आपल्याकडे इतकं सवयीचं आहे की त्यात कुणाला धोका दिसत नाही. आईच्या मिठीवर शंका घ्यायची हिंमत कोण करणार? पण ५० च्या वेगाची गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर दहा किलोचं मूल जवळजवळ दीडशे किलोच्या ओढीने पुढे खेचलं जातं. ती ओढ कुठल्याही माणसाच्या हातांना पेलणारी नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा लहान मुलांसाठीची सीट नसेल तर स्वतंत्र दंड आहे. तो किती जणांना झालेला तुम्ही ऐकला आहे?

‘सुधारणा मनातून यायला हवी, कायद्याने कुणी सुधारत नाही’ हे वाक्य या वादात हमखास येतं. महाराष्ट्राने ते याआधीही ऐकलं आहे, याहून फार गंभीर प्रश्नावर. १८९१ मध्ये संमतिवयाचं विधेयक आलं, वयाची मर्यादा दहावरून बारावर नेणारं. टिळकांचं म्हणणं होतं की परक्या सरकारने कायदा करून आमच्या समाजात हात घालू नये, लोकशिक्षणाने हळूहळू बदल होईल. आगरकरांनी ‘सुधारका’तून कायद्याची बाजू घेतली. कारण लोकशिक्षणाची वाट पाहण्यात ज्यांचं आयुष्य जातं त्या मुली चर्चेत भाग घ्यायला येऊ शकत नव्हत्या. दोन्ही प्रश्नांचं वजन सारखं आहे असं मी म्हणत नाही. पण युक्तिवादाची घडण तीच आहे: ज्याला किंमत मोजायची नाही तो ‘हळूहळू’ म्हणतो. दरवर्षी सोळा हजार माणसं जात असताना प्रबोधनाच्या फलकांवर किती वर्षं थांबायचं?

शिवाय कायद्याने सवय बदलत नाही, हे खरंही नाही. व्होल्वो कंपनीत नील्स बोलिन या अभियंत्याने आजचा तीन टोकांचा बेल्ट १९५९ मध्ये आणला आणि कंपनीने त्याचं पेटंट इतर कारखानदारांसाठी खुलं ठेवलं. गाड्यांना बेल्ट आले, लोकांनी लावले नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांताने १९७० मध्ये जगात सर्वांत आधी ते लावणं बंधनकारक केलं. ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकात असा कायदा करायचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसले. व्यक्तिस्वातंत्र्याचे आजचेच मुद्दे तिथल्या संसदेत तेव्हा मांडले गेले. शेवटी ३१ जानेवारी १९८३ पासून पुढच्या सीटवर बेल्ट सक्तीचा झाला, तोही तीन वर्षांच्या मुदतीने, पटला नाही तर सोडून देऊ या बोलीवर. वर्षानुवर्षं जाहिराती करूनही बेल्ट लावणारे चाळीस टक्क्यांच्या आसपास अडकले होते. कायदा आल्यावर ते नव्वद टक्क्यांच्या वर गेले. तीन वर्षांनी संसदेने तो कायमचा केला. मागच्या सीटवरच्या प्रौढांची पाळी त्यानंतर, १९९१ मध्ये आली.

याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेचं. तिथे १९७४ च्या नव्या गाड्यांना अशी यंत्रणा बसवली गेली की पुढच्यांनी बेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरूच होऊ नये. बाजूच्या सीटवर सामानाची पिशवी ठेवली तरी गाडी अडून बसायची. लोक इतके भडकले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी संसदेने अशी सक्ती करण्यालाच कायद्याने बंदी घातली. यंत्राचा हेतू चांगला होता, पण वापरणाऱ्याला ते छळ वाटलं आणि त्या छळाचा सूड बेल्टवर उगवला गेला. पुढे दहा वर्षं, न्यू यॉर्कने १९८४ मध्ये पहिला कायदा करेपर्यंत, तिथल्या एकाही राज्यात प्रौढांना बेल्ट सक्तीचा नव्हता. सक्ती कशी येते यावर ती टिकते की उधळली जाते हे ठरतं. आपल्याकडच्या पोलिसांचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

तो प्रश्न मी हातचं राखून मांडणार नाही. शहराच्या वेशीवर, उतार संपतो तिथे, वळणाच्या आडोशाला चार-पाच जण उभे असतात. परजिल्ह्याच्या नंबरची गाडी दिसली की हात आडवा होतो. आधी कागद, मग पीयूसी, मग बेल्ट, काहीतरी सापडेपर्यंत. ‘साहेब, ऑनलाइन टाकलं तर एवढे, इथल्या इथे मिटवायचं तर बघा’ हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा व्यावसायिक ड्रायव्हर शोधून सापडायचा नाही. दुसरीकडे, फोटो काढून नंतर सवडीने चलन टाकलं जातं आणि मालकाला ते महिन्यांनी कळतं, तेव्हा त्या दिवशी कोण गाडी चालवत होतं हेही आठवत नाही. पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर असे फोटो काढू नयेत, अशा सूचना वरिष्ठांना काढाव्या लागल्या, यातच सगळं आलं. एवढं सोसल्यावर ‘बेल्ट माझ्या भल्यासाठी आहे’ हे त्या ड्रायव्हरला कुणी सांगितलं तर तो का ऐकेल?

पुण्याला या गोष्टीचा फार कडू इतिहास आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांना वेगळं ठेवणं, घरं स्वच्छ करणं हे उपाय मुळात चुकीचे नव्हते. पण रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर घरात घुसले, देवघरापर्यंत गेले, बायकांच्या अब्रूची पर्वा केली नाही. लोकांना रोगापेक्षा उपायाची दहशत वाटू लागली, माणसं रोगी लपवू लागली, आणि शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्यांनी झाला. त्या काळातली टिळकांची एक गोष्ट आजच्या वादात मला फार मोलाची वाटते. ‘केसरी’तून ते अंमलबजावणीवर तुटून पडले, आणि त्याच वेळी त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचं रुग्णालय उभं करायला पुढाकार घेतला. रोगी वेगळा ठेवायला हवा हे त्यांनी नाकारलं नाही. तो माणुसकीने ठेवा म्हणून ते झगडले. संमतिवयाच्या वादात मी आगरकरांच्या बाजूचा, पण इथे टिळकांनी दाखवलेला विवेक बेल्टच्या वादात दोन्ही बाजूंना हवा आहे.

आणि पोलिसांना आवरायचं तर नवा कायदा लागत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. कॅमेऱ्याचं उपकरण प्रमाणित असलं पाहिजे, पुढे कॅमेरा आहे असा फलक ठळकपणे लावला पाहिजे, आणि नियम मोडल्यापासून पंधरा दिवसांत पुराव्यासह नोटीस गेली पाहिजे, असं त्यात आहे. वाहतूकदारांच्या संघटनांनी ‘सगळी चलनं रद्द करा’ ही मागणी धरली, तिथे माझा त्यांच्याशी मतभेद आहे. पंधरा दिवसांच्या आत न पोचलेलं, फोटो नसलेलं, प्रमाणित नसलेल्या उपकरणातून आलेलं प्रत्येक चलन रद्द करा, ही मागणी जास्त टोकदार ठरली असती. तिच्यात वेगाने गाडी हाकणाऱ्याला सूट मिळत नाही आणि नाहक पिळल्या गेलेल्याला न्याय मिळतो. सरकारला तिला नाही म्हणणंही कठीण गेलं असतं, कारण नियम सरकारचाच आहे.

पोलिसांच्या हाती किती अधिकार द्यायचा, हाही बेल्टच्याच निमित्ताने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला प्रश्न आहे. टेक्सासमधल्या लागो व्हिस्टा गावात १९९७ मध्ये पोलिसाने एका आईला तिच्या दोन मुलांसमोर दरडावलं आणि मग बेड्या घालून नेलं. गुन्हा काय, तर तिने आणि मुलांनी बेल्ट लावले नव्हते. त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड होता ५० डॉलर, तुरुंगवास नव्हताच. २००१ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती अटक घटनेत बसते असा निकाल दिला. मला तो निकाल चुकीचा वाटतो, आणि बेल्टच्या सक्तीचा समर्थक म्हणूनच वाटतो. ज्या नियमामागे जीव वाचवण्याचा हेतू आहे तो मोडणाऱ्याला अपमानित करून काय साधतं? त्या मुलांना त्या दिवशी बेल्टबद्दल काही कळलं असेल, की फक्त पोलिसांबद्दल?

याच कारणासाठी ‘दंड दहापट करा’ म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. कायद्याने बेल्टचा दंड १,००० रुपये केला आहे. महिना पंधरा-वीस हजारांवर घर चालवणाऱ्या ड्रायव्हरसाठी ती रक्कम एक-दोन दिवसांची कमाई आहे. त्याला लाजवायला किंवा घाबरवायला ती पुरेशी आहे. दहा हजार केली तर तडजोडीचा भाव तेवढा वाढेल. दंडाचा धाक रकमेतून कमी आणि खात्रीतून जास्त येतो. एक्स्प्रेसवेच्या टोलनाक्याजवळ बघा. नाका दिसू लागला की ड्रायव्हरचा उजवा हात खांद्यामागे जातो, पट्टा छातीवरून ओढला जातो आणि मांडीजवळ नुसता मुठीत धरला जातो, खटका लावायचे कष्टही घेतले जात नाहीत. नाका ओलांडला की मूठ सुटते, पट्टा सर्रकन परत जातो. त्या माणसाला १,००० रुपये ठाऊक आहेत. पकडला जाण्याची जागा पाचशे मीटरची आहे, हेही ठाऊक आहे. बाकीचा रस्ता तो मोकळा समजतो.

याहून वाईट प्रकार तो बीप बंद करणाऱ्या क्लिपचा. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत पुढच्यांनी बेल्ट लावला नाही तर बीप वाजणं बंधनकारक झालं. लगेच बाजारात बोटभर लांबीची धातूची जीभ आली, गाडीच्या कंपनीचं चकचकीत चिन्ह असलेली. ती खाचेत खुपसली की गाडीला वाटतं बेल्ट लागला. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉन, फ्लिपकार्टसह पाच संकेतस्थळांना त्या विकायला मनाई केली, तेव्हा १३,११८ नोंदी काढून टाकाव्या लागल्या. ही मंडळी गरीब नाहीत, अडाणी नाहीत, आणि पोलिसांच्या जाचाला कंटाळून क्लिप घेत नाहीत. आणि नितीन गडकरींनी मिस्त्रींच्या अपघातानंतर जाहीरपणे सांगितलं होतं की चार मुख्यमंत्र्यांच्या गाड्यांत बसलो, तर तिथेही ही क्लिप होती. कायदा करणाऱ्याच्याच गाडीत कायद्याला फसवायची क्लिप असेल तर चौकातल्या हवालदाराने कुणाच्या तोंडाकडे बघून पावती फाडायची?

‘वडापची जीप चौदा माणसं कोंबून जाते, तिला कुणी हात लावत नाही आणि माझ्या स्विफ्टला अडवता’ ही तक्रारही खरी आहे. सांगली-साताऱ्यापासून मराठवाड्यापर्यंत कोणत्याही बाजाराच्या दिवशी हे दिसतं. लग्नाचं वऱ्हाड टेम्पोच्या हौद्यात उभं असतं, त्याला बेल्ट कुठला? पण या तक्रारीतून निष्कर्ष कोणता काढायचा? जीपमधल्या चौदा जणांना सुरक्षित प्रवास मिळत नाही म्हणून माझ्या गाडीतल्या चौघांनीही घेऊ नये? त्या जिपा धावतात कारण त्या वेळी, त्या वाटेवर एसटी नसते. बेल्टच्या चलनातून जमलेले पैसे गावच्या एसटीच्या फेऱ्यांवर खर्च करा अशी मागणी कुणी केली तर मी तिच्यावर आनंदाने सही करीन. रस्त्यांचंही तसंच. ‘आधी खड्डे बुजवा’ म्हणणाऱ्याला २०१९ च्याच दुरुस्तीतलं १९८-अ कलम सहसा ठाऊक नसतं. सदोष रस्त्यामुळे जीव गेला तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड त्यात आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास सहा लाखांची भरपाई ठरवली आणि ती दोषी अधिकारी-कंत्राटदारांकडून वसूल करायला सांगितलं. ही हत्यारं वापरा, जोरात वापरा. पण रस्ता खराब आहे, हे तर बेल्ट लावायचं आणखी एक कारण झालं.

एक आक्षेप अभ्यासकांकडूनही आला होता. बेल्ट लावला की माणूस निर्धास्त होतो, गाडी जास्त पळवतो आणि मग पायी चालणारे मरतात, असं अमेरिकी अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये मांडलं. तर्क सुबक आहे. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम असलाच तर बेल्टने होणाऱ्या फायद्यापुढे अगदी थोडा निघाला. पाण्यात किंवा आगीत गाडी सापडली तर बेल्टमध्ये अडकू, ही भीतीही अनेकांना असते. तसे अपघात फार थोडे, आणि तेव्हाही बाहेर पडायला शुद्ध असावी लागते. धडकेत शुद्ध शाबूत राहायची तर बेल्ट हवा.

माझ्या मते कायद्यात खरी दुरुस्ती हवी आहे ती १९४-ब कलमात, आणि तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. बेल्ट न लावलेला प्रवासी नेला तर दंड गाडी चालवणाऱ्याला होतो. आता भाड्याच्या गाडीचा विचार करा. मागे बसलेला साहेब फोनवर आहे. ड्रायव्हरने ‘सर, बेल्ट लावता का’ म्हटलं तर एकतर ऐकून न ऐकल्यासारखं केलं जातं किंवा ‘तू पुढे बघून चालव’ असं उत्तर मिळतं. वर ॲपवर तारे देणाराही तोच. काळी-पिवळीत तर बेल्टचे खटके रेक्झिनच्या कव्हरखाली, सीटच्या फटीत गाडले गेलेले असतात. बोटं घालून चाचपलं तर धूळ, नाणं, बिस्किटाचा कागद हाती येतो, खटका येत नाही. तिथे मालकाला जबाबदार धरलंच पाहिजे, कव्हर फाडून खटके वर काढायला लावलेच पाहिजेत. पण खटका समोर असून न लावणाऱ्या सज्ञान प्रवाशाचा दंड ड्रायव्हरने का भरावा? ब्रिटनमध्ये चौदा वर्षांवरचा प्रवासी स्वतःच्या बेल्टला स्वतः जबाबदार असतो. आपल्याकडे ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्या खिशात हात घालायचा आणि ज्याच्या हातात सगळं आहे त्याला नुसतं बसून राहू द्यायचं, अशी विभागणी झाली आहे.

ती बदलायला संसद लागेल. तोवर राज्य सरकारला दोन गोष्टी उद्या सकाळी करता येतील. मंत्री, आमदार, सचिव आणि खुद्द पोलीस अधिकाऱ्यांच्या गाड्यांतून क्लिपा काढून टाकाव्यात. आणि एक्स्प्रेसवेवरच्या कॅमेऱ्यांनी सरकारी नंबरच्या किती गाड्यांना बेल्टचं चलन लावलं, त्यातल्या किती जणांनी ते स्वतःच्या खिशातून भरलं, याची यादी दर महिन्याला लोकांसमोर ठेवावी.